गाठी आणि सावड

यंदाही हरभरा खुडायला आलाय. मी कासुर्डीला मामांच्या बांधावर उभा आहे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि पोटऱ्या चुरचुरताहेत. हरभऱ्याच्या पानांवर सकाळी जी आंब धरते ती दिसायला दवासारखी सभ्य असते. पण अंगाला लागली की आपण कोण, कशात डॉक्टर झालो याची काही चौकशी न करता चावते. मामीच्या साड्यांचे काठ खालून विरलेले आहेत ते तिच्यापायी. माझी एक चांगली पॅन्टही अशीच गेली. पुण्यातल्या एका परिषदेसाठी ती शिवून घेतली होती आणि तीच घालून मी वावरात आलो होतो. संशोधकानं वावरात जाताना काय घालावं हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

अभ्यासक्रमात पुष्कळच काही नव्हतं.

मी शिरूरच्या एका कॉलेजात गणित शिकवतो. डॉक्टरेटचा माझा विषय सांगितला की लोक आधी आदरानं माझ्याकडं बघतात आणि मग घड्याळाकडं. झाडं आणि त्यांच्या मुळांत राहणारे जिवाणू यांच्या परस्परसंबंधांचं गणिती प्रारूप. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात वडिलांना कुणी विचारलं, "थोरला काय करतोय?" तर ते "पुण्याला हाय" एवढंच सांगायचे. पुण्याला असणं हे आमच्याकडं स्वतंत्र काम मानतात.

विषय खरं म्हणजे सोपा आहे. हरभऱ्याचं रोप उपटलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवतं, ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. नखानं गाठ फोडावी. आतून गुलाबी निघाली, अगदी रक्त लागल्यासारखी, तर समजावं की देणंघेणं चालू आहे. पांढरट निघाली तर भाडेकरू नुसताच राहतोय. हे सगळं मी दोन समीकरणांत बसवलं होतं. एक झाडाचं, एक जिवाणूंचं, आणि प्रत्येकात दुसऱ्यासाठी एक पद. तू आहेस म्हणून मी वाढतो, असं सांगणारं पद. त्या पदावर माझं फार प्रेम होतं. अविवाहित माणसाला अशी प्रेमं होतात.

माझे मार्गदर्शक वयस्कर गृहस्थ. शेत त्यांनी हायवेवरूनच पाहिलेलं. एक दिवस म्हणाले, "समीकरणं सुंदर आहेत, पण यात खरा आकडा एकही नाही. कुठंतरी पेरून बघा."

"माझे मामा कासुर्डीला आहेत," मी लगेच म्हणालो. माझ्या आयुष्यातले बहुतेक अपघात असेच, उत्साहानं दिलेल्या उत्तरांतून झालेत.

मामांनी विहिरीकडचा तुकडा दिला. बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू चोळले, सावलीत सुकवलं, पेरलं. काही वाफ्यांत हे बी, काहींत साधं. काहींत युरिया, काहींत नाही. प्रत्येक वाफ्याला बांबूच्या खुंट्या आणि लाल फिती. दुसऱ्या दिवशी निम्मी आळी बांधावर.

"रिंगरोड इकडनं काढलाय व्हय?" एकानं विचारलं.

मी म्हटलं, हा हरभऱ्यावरचा प्रयोग आहे. तो समजूतदारपणे हसला. "नका सांगू. वरनं सांगू देत नसत्याल." त्याच आठवड्यात त्याच्या बांधाला आंब्याची कलमं लागली; जमीन रस्त्यात गेली तर झाडांची भरपाई वेगळी मिळते म्हणून. ती कलमं आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. माझ्या संशोधनाचा तालुक्याला झालेला हा एकमेव लाभ.

मामांना मी मोठ्या अभिमानानं गाठी दाखवल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला. टोमॅटोच्या मुळावर गाठी म्हणजे सूत्रकृमी, आणि सूत्रकृमी म्हणजे प्लॉट गेला, एवढं त्यांनी सोसून शिकलेलं. "आरं, आधी बोलायचं न्हाई का? औषिध सोडलं आस्तं." त्यांचं औषध आणि माझी डॉक्टरेट यांच्यामध्ये त्या दिवशी मी अक्षरशः आडवा उभा राहिलो.

मामीचं माझ्या प्रयोगाकडं लक्ष नव्हतं. तिचा हिवाळा सावडीत जायचा. सावड म्हणजे आज सगळ्याजणी माझ्या रानात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यायचा नाही, घ्यायचा नाही. जिनं तुझ्या रानात दिवस टाकला, तिच्या रानात तू दिवस टाकून तो फेडायचा. कांद्याची लागण, हरभऱ्याची खुडणी, झेंडूची तोडणी, सगळं असं एकमेकींच्या पाठीवर चालायचं. त्यांची पुढारी सिंधूमावशी. गावचीच लेक, गावातच दिलेली, म्हणून आईच्या नात्यानं माझी मावशी; मामीपेक्षा वयानं थोडी लहान, आवाजानं बरीच मोठी. थंडीत उन्हं वर येता येता या बायका बांधावरून ओळीनं जायच्या, डोक्याला टॉवेल, हातात भाकरीचं फडकं, आणि मला वाफ्यात वाकलेला बघून सिंधूमावशी मामीला विचारायची, "आक्का, तुमचा भाचा रोपांला नावं ठिवतोय का गं?"

"नंबर देतोय," मामी म्हणायची.

"मग एखादीचा नंबर घ्या म्हणावं घरी न्यायला."

आता त्या बांधावरून कुणी ओळीनं जात नाही. एकेकटी जाते, कानाला फोन लावून. मीही कानाला फोन लावूनच उभा असतो, त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात कॉलेजच्या परीक्षांमुळं एक आठवडा मला शिरूरहून येता आलं नाही. मग न्हावऱ्यावरून मोटारसायकल हाणत, भीमा ओलांडून, धुक्यानं मिशा ओल्या करून पोचलो, तर खुंट्या जागेवर, फिती जागेवर, आणि माझ्या एकूण एक रोपाचा शेंडा गायब. मला वाटलं जनावर शिरलं. पण जनावर इतकं नीटनेटकं खात नाही.

मामी मागं उभी होती, शाबासकीची वाट बघत. "तू आला न्हाईस. शेंडं निबार व्हाय लागलं. म्हनलं, त्येला काय कळतंय, शिकल्याला हाय. सावडीत घेतलं तुजं रान."

माझ्या रोपांच्या वाढीची सगळी मोजमापं त्या शेंड्यांवर अवलंबून होती. न खुडलेला हरभरा बांधावरून दिसणं म्हणजे त्या घरात माणसं नाहीत असं दिसणं. ती नामुष्की माझ्यावर येऊ नये म्हणून त्या बायकांनी ऊन डोक्यावर येईपर्यंत माझा प्रयोग मायेनं साफ केला होता. आळीत घरोघरी हरभऱ्याची भाजी. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी त्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्लं. चांगलं झालं होतं, लसूण जरा जास्त.

वर ते फेडायला लागलं. सिंधूमावशीनं सोडलं नाही. तिच्या रानात चिखलात वाकून मी कांद्याची रोपं लावली. दुपारी कंबर धरून बांधावर बसलो, तोवर माझी निम्मी ओळ पाण्यावर तरंगायला लागली होती. तिनं ती पुन्हा लावली आणि म्हणाली, "तुमची सावड फिटली म्हना भाऊ. पन उद्या येऊ नगा." त्या दिवशी सगळ्या बायका माझ्यावर इतक्या हसल्या की पुढं कित्येक परिषदांत मला कुणी तेवढं मनापासून ऐकलं नाही.

इथंच थांबलो असतो तर हा विनोदी लेख झाला असता.

पण पुढच्या वर्षी प्रकल्पाला निधी मिळाला आणि माझ्या अंगात शास्त्रीय शिस्त आली. या खेपेला वाफ्यांना परक्या हाताचा स्पर्श नको, असं मी ठरवलं. परके हात म्हणजे कोणाचे, तर मामीचे आणि सिंधूमावशीचे. औद्योगिक वसाहतीत माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडून मी टोळी आणली. चांगली, कष्टाळू माणसं, मराठीचा शब्द येत नसलेली, आणि म्हणूनच माझ्या दृष्टीनं आदर्श. सांगितलं तेवढंच करायची. वाफ्यांचं काम दुपारच्या आत उरकलं की त्यांचा मुकादम विचारायचा, "साहब, और क्या करना है?"

और क्या करना है, याला माझ्याकडं उत्तर असायलाच हवं होतं असं नाही. मी म्हटलं, मामांचा कांदा लावून टाका. मग म्हटलं, झेंडूही तोडा. आणि मामीला म्हटलं, "मामी, यंदा तुम्हाला सावडीला जायची गरजच नाही."

हे वाक्य मी किती आनंदानं म्हणालो होतो ते आठवलं की आजही कान तापतात. मामीलाही आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा तिच्या बोटांना थंडीत भेगा पडल्या नाहीत. ती टोळीला चुलीवरचं करून वाढायची आणि तिच्या हिंदीत आग्रह करायची, "और लेव, लाजू नको." सिंधूमावशीच्या लागणीचा दिवस आला तेव्हा मामीनं निरोप धाडला की घरात माणसं जेवायला आहेत, यायला जमायचं न्हाई. नंतर दुसऱ्या घरालाही तोच निरोप. भांडण झालं नाही. बायका बांधावरून जाताना आवाज न देता जाऊ लागल्या, एवढंच. आणि मी त्या शांततेची नोंद 'अडथळा नाही' अशी घेतली.

माझे निष्कर्ष त्या वर्षी अप्रतिम आले. युरियाच्या वाफ्यातली रोपं उपटली तर मुळं धुतलेल्या दोऱ्यासारखी स्वच्छ. गाठ अगदी एखाददुसरी. झाडाला बाहेरून आयतं मिळालं की ते जिवाणूंना साखर कशाला पोसेल? माझ्या समीकरणात बाहेरच्या नत्राचा आकडा हळूहळू वाढवला की भागीदारी बराच वेळ टिकून राहते, काही बिघडलंय असं वाटतच नाही, आणि मग एका ठिकाणी एकदम कोसळते. खरी गंमत पुढं आहे. मग तोच आकडा पुन्हा कमी करत आणला तर जिथं ती कोसळली तिथं परत उभी राहत नाही. फार मागं जावं लागतं. कधीकधी मागं जायला जागाच उरत नाही, कारण तोवर मातीतले जिवाणू संपत आलेले असतात. आलेखावर हा वक्र उलटा दुमडलेला दिसतो. फार देखणा दिसतो. परिषदेत कुणीतरी विचारलं, "म्हणजे जुनी परिस्थिती आणली तरी जुना संबंध परत येत नाही?" मी खिशात हात घालून म्हणालो, "आलेल्या वाटेनं तर नाहीच." टाळ्या पडल्या. माझ्या पॅन्टच्या खालच्या काठाला तेव्हा भोकं होती, पण टेबलामुळं ती दिसत नव्हती.

निधी संपला, टोळी दुसऱ्या कामावर गेली. मला नावापुढं डॉक्टर लागलं आणि मामीचं कांद्याचं रोप लागणीला आलं. तिनं नेहमीसारखा घरोघरी निरोप दिला. कुणी नाही म्हणालं नाही. "बघते आक्का, उद्या." "ह्यांला इचारते." "पाव्हणं येनार हायेत." उद्या करता करता रोप पिवळं पडून माना टाकायला लागलं. मामांच्या गुडघ्यांनी तोवर राजीनामा दिलेला. शेवटी मामीनं ते रोप उपटून शेरडांपुढं टाकलं. मला फोनवर सांगितलं ते असं, "शेरडं खूस हायेत." त्यानंतर तिनं कांदा करायचं सोडलं.

प्रारूपांच्या अभ्यासात फसव्या जिवाणूंवर पुष्कळ लिहिलेलं आहे. साखर खातात आणि देत काही नाहीत, असे. मी बराच काळ या प्रकरणात असा कुणीतरी शोधत होतो. सिंधूमावशीनं डूख धरला असेल, असं ठरवून एकदा पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिच्या दारात गेलो. गणितज्ञानं समेटासाठी नेलेला हा बॉक्स तिनं आधी खालीवर करून पाहिला.

"कशाचं पेढं भाऊ? लगीन जमलं का काय?"

"मावशी, मामीवर राग आहे का तुमचा?"

"राग कशाचा? आक्का माझ्या भनीसारकी हाय."

"मग सावडीत घ्या ना तिला परत."

तिनं बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "सावड भरलीया आता," ती म्हणाली. मग नातवाला हाक मारून पेढे आत पाठवले आणि मला चहा दिला. चहा घेतला, निघालो. भरलीया म्हणजे मामीच्या जागेवर कुणीतरी आलं, एवढा अर्थ मी काढला. मामीलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "येनारच की. जागा काय मोकळी ऱ्हाती व्हय?" आणि तांदूळ निवडत राहिली.

यंदा मात्र मामीनं पुन्हा कांद्याचं रोप टाकलं. मला न विचारता, मामांना न विचारता, विहिरीकडच्या त्याच तुकड्यात वाफा करून. मी आलो तेव्हा ते हिरवंगार होतं, वीतभर, वाऱ्यावर एका बाजूला कलणारं. "हे लावणार कोण?" मी विचारलं.

"सावड."

"मामी, तुम्ही सावडीत नाही आता."

"म्हाईतीय मला. सिंधूची लागण हाय उद्या. म्या जानार."

"बोलावलंय?"

"बोलवाया कशाला लागतंय? म्या तिच्या रानात दीस टाकला की तिला फेडावाच लागंल. न फेडून सांगंल कुनाला? एक आली की दुसरी येती."

तिचा हिशोब मला मनातल्या मनात मांडून बघावासा वाटला, आणि मी स्वतःवरच चिडलो. तिचं वय सांगत नाही, तिला आवडत नाही. पण चिखलात दिवसभर वाकायचं ते नव्हे. मी म्हटलं, ठेकेदार अजून ओळखीचा आहे, एका फोनवर माणसं येतील.

"तुजी टोळी नगं," ती म्हणाली. चिडून नाही, 'साखर नगं' म्हणावं तसं.

मामा खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे तिला. हितं बसली तर मला बोलती."

सकाळी ती निघाली. जुनी साडी, डोक्याला टॉवेल, फडक्यात भाकरी. आम्ही दोघं दिवसभर घरी. मामा टीव्ही बघत होते; मी बांधावर येऊन, पोटऱ्या चावून घेत, लांब सिंधूमावशीच्या रानाकडं बघत होतो. वाकलेल्या पाठींचे ठिपके दिसत होते. कुठला ठिपका मामीचा ते कळत नव्हतं. हायवेवरचा आवाज वाऱ्याबरोबर येत-जात होता. मनात मी सबंध दुपार त्या दुमडलेल्या वक्राशी भांडत होतो. एखादं पद माझ्याकडून राहिलं असेल. एखादं रोप बाहेरचं काही मिळत नसताना, समोरून काही येत नसताना, आधी स्वतःच साखर सोडत असेल मुळांतून. असं असतं तर आलेख वेगळा आला असता. मला तो वेगळा यायला हवा होता.

उन्हं उतरल्यावर मामी आली. पाय चिखलानं माखलेले, कंबर एका हातानं दाबून धरलेली. ओट्यावर बसली, पाणी प्याली. तिनं कमरेला खोचलेल्या नोटा काढून ओट्यावर ठेवल्या आणि त्यांच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, उडू नयेत म्हणून.

"रोज दिला?" मी विचारलं.

"दिला. म्या घीत नव्हते. म्हनलं, सिंधू, म्या सावडीला आलीया. तर रडायलाच लागली. म्हनली, आक्का, सावड हाय कुठं आता? सगळ्याच रोजानं आल्यात. तुमच्या मागनं शेवंता सुटली, मग शेवंताच्या मागनं दोघी. लई दीस झालं मोडून."

"मग मला भरली म्हणून का सांगितलं?"

"तुला काय सांगायचं?" मामी म्हणाली. "पेढं घिऊन गेला व्हतास."

मामांनी आतून टीव्हीचा आवाज कमी केला. मामी पाय धुवायला उठली नाही. चिखल वाळून तिच्या घोट्यांवर पांढरा पडत चालला होता.

"म्या आपली सकाळधरनं खाली मान घालून लावतीया," ती म्हणाली, "सावडीला लावावं तसं. मागं वळून बघितलं तर ओळीत म्या एकटीच फुडं. बाकीच्या बाया लांब, निवांत. त्यातली एक मला म्हनली, आज्जी, दमानं घ्या. रोज सगळ्यांला सारकाच हाय."